भर दुपारी तपासलेला दिवा

अन्याय झाला तो कामठीच्या पलीकडच्या वस्तीत विड्या वळणाऱ्या एका बाईवर. १९८७ च्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी बारा वाजता. तिचा अंगठा शाईत बुडवून एका कागदावर उठवला गेला. सूर्यावर चालणारा दिवा तपासून, चालू स्थितीत तिच्या ताब्यात दिला आहे, असं त्या कागदावर लिहिलं होतं. दिवा तपासलेलाच नव्हता. मी तिथं उभी होते म्हणून सांगते.

मी काही टाळ्या वाजवायला गेले नव्हते. माझ्या झोळीत पत्रकं होती. नागपुरात महाल भागातल्या आमच्या संघटनेच्या खोलीत आदल्या रात्री स्टेन्सिल कापून काढलेली, शाई अजून बोटांना लागत होती. वर मोठ्या अक्षरात माझंच वाक्य होतं: ‘खांब द्या, खेळणी नकोत!’ त्या वस्तीच्या अलीकडं, रस्त्यावरच्या पानठेल्यापाशी विजेचा शेवटचा खांब होता. पानठेलेवाल्याकडं बल्ब लागायचा, टेपवर गाणी लागायची, आणि शंभर पावलांवर आत राहणारे लोक संध्याकाळी रॉकेलच्या चिमण्या पेटवायचे. ही थट्टा मला सहन होत नव्हती. त्यावर सरकारी उपाय काय, तर एका घराला सूर्याचा दिवा. एका! मी चिडूनच बसमध्ये बसले होते.

ज्या घराला दिवा मिळाला ते गल्लीच्या तोंडाशी होतं. दिवे वाटणाऱ्या सरकारी साहेबांची जीप तिथपर्यंतच जात होती, निवडीचं दुसरं कारण मला आजवर कळलेलं नाही. पण निवड चुकून बरोबर झाली होती. त्या घरातल्या बाईला, वस्ती तिला काकू म्हणायची म्हणून मीही काकूच म्हणते, उजेडाची खरंच गरज होती. दिवसभर ती दारात बसून मांडीवरच्या सुपात तेंदूची पानं अन् तंबाखू घेऊन विड्या वळायची आणि अंधार पडला की चिमणी नाकाशी ओढून पुढचं काम करायची. धुरानं डोळ्यांतून पाणी गळायचं. वळण सैल पडलं की कारखान्याचा माणूस सकाळी त्या विड्या मोडून बाजूला टाकायचा. कामठीच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, डोळ्यांना आराम द्या नाहीतर उजेड द्या, दोन्हीपैकी एक दिलं नाही तर पुढच्या वर्षी पानाची शीर दिसणार नाही. आराम तिच्या हातात नव्हता. नवरा ट्रक घेऊन रायपूरच्या रस्त्याला असायचा, आठ-आठ दिवस घरी नाही. तेव्हा उजेडावरच सगळं होतं.

अंगणात एक लोखंडी घोडी रोवली होती, छातीच्या उंचीला. तिच्यावर तिरपी काच, आणि काचेखाली निळसर काळ्या गोल चकत्या ओळीनं मांडलेल्या, छपरावर पापड घालावेत तशा. घरात एक पेटी, पेटीत बॅटरी, पेटीच्या दर्शनी बाजूला काचेआड एक लहानसा काटा. वर आढ्याला हातभर लांबीची ट्यूब. सांगायला राग येतो, पण मला ते सगळं बघायचं होतं. पत्रकं वाटायची सोडून मी घोडीभोवती फिरत होते. चकत्यांतून काय निघतं? कुठून निघतं? हात लावला तर शॉक बसेल का? जोडणीवाला दुसऱ्या तारेत गुंतला होता, तो विचारायला सापडला नाही.

साहेब आले, बरोबर फोटोवाला आला. नवं यंत्र आहे, तर पूजा झालीच पाहिजे, हे कुणी सांगायला लागत नाही. आमच्याकडं नवी सायकल आली तरी तिच्या हँडलला कुंकू लागतं. नारळ फुटला, काचेला झेंडूचा हार आडवा बांधला. साहेबांनी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि फोटोवाला ‘जरा थांबा’ म्हणेपर्यंत एप्रिलच्या झळेनं ते उडवून नेलं. पुन्हा काढलं, पुन्हा उडालं. बायका पदराआड हसायला लागल्या.

‘‘तेलात कालवा हो,’’ साहेब म्हणाले, ‘‘घरात तेल असेल ना?’’

काकूंच्या घरातनं वाटीभर तेल आलं. हळद-कुंकू त्यात घट्ट कालवलं गेलं, आणि साहेबांनी चार बोटांनी, काचेच्या बरोबर मध्ये, परातीएवढं स्वस्तिक काढलं. ते मात्र बसलं. फोटो निघाला.

मग तपासणी. बाहेर इतकं ऊन की डोळे उघडत नव्हते, म्हणून आम्हा सगळ्यांना घरात कोंबून दार लावून घेतलं. खटका दाबला. ट्यूब लागली. ‘‘लागली वं माय!’’ एक म्हातारी ओरडली. टाळ्या झाल्या. दार उघडलं, शाईची डबी निघाली, काकूंनी अंगठा दिला, जीप गेली. नारळाचा तुकडा तोंडात टाकून मीही बस पकडायला निघाले. निघताना काकूंनी मला हटकलं.

‘‘काहून वं पोरी, तू हे कागद कायले वाटून राहिली? खेळनं म्हनते न तू त्याले?’’

‘‘खेळणंच आहे काकू. तुम्हाला खांब पाहिजे.’’

‘‘खांब आला तं घेईन न. तोवर खेळन्यानं पान दिसते का पाहू दे मले.’’

पुढच्या सोमवारी मी पुन्हा गेले. कारण खोटं सांगत नाही: पत्रकांचं काय झालं ते बघायला गेले नव्हते, तो दिवा कसा चालतो ते बघायला गेले होते. संध्याकाळ होत आली होती आणि काकू दारात चिमणी पुसत बसल्या होत्या.

‘‘गेला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पयल्या दिवशी मस्त लागला. भल्ला उजेड! शेजारच्या साऱ्या बाया सुपं घेऊन इथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी बी लागला. मंग त्याची टोकं लाल व्हायले लागली. आता दाबते तं नुसता हूं करते अन् गप.’’

मला तर आनंदच झाला, असं कुणी म्हणेल. झाला थोडा. परतीच्या बसमध्येच पुढच्या पत्रकाचं शीर्षक सुचलं: ‘चार दिवसांचा सूर्य!’ माझ्या मते बॅटरी जुनी घातली होती आणि नवीचं काय केलं ते साहेबांना ठाऊक. पण छापण्याआधी विचारलं पाहिजे, एवढी शिस्त आमच्या कामात होती. दुसऱ्या सकाळी मी रामदासपेठेतल्या त्यांच्या कचेरीत गेले.

साहेब उठलेही नाहीत. म्हणाले, ‘‘बॅटरी कोरी करकरीत आहे. आमच्याकडे कचेरीत दोन दिवस चार्ज करून पाठवली होती. तपासून दिलं, अंगठा आहे आमच्याकडे.’’

‘‘मग बंद का पडली?’’

‘‘टीव्ही लावला असेल. तुम्ही त्या लोकांना ओळखत नाही. बॅटरी मिळाली की रविवारचा पिक्चर बघतात. शुक्रवारी येऊन उचलून नेतो, दुसऱ्या गरजूला देऊ.’’

त्या लोकांना. मी टेबलावर हात आपटला की नाही ते आठवत नाही, आवाज मात्र बाहेरच्या शिपायापर्यंत गेला असावा, कारण तो आत डोकावला. वस्तीत टीव्ही एकाकडंही नव्हता. तरी माझ्या रागाच्या आड एक वाक्य खुपत राहिलं. कचेरीत दोन दिवस चार्ज करून पाठवली होती. म्हणजे त्या दुपारी दार लावून आम्ही जो उजेड पाहिला, तो रामदासपेठेतल्या विजेचा होता. बाटलीत भरून आणावा तसा. आणि पहिल्या एक-दोन संध्याकाळींचाही तोच. मग काकूंच्या अंगणातला सूर्य आजवर त्या दिव्यात उतरलाच नव्हता की काय?

हे कळल्यावर पत्रक लिहिणं राहिलंच. मला ते बघायचं होतं.

बुधवारी दुपारी मी काकूंच्या दारात हजर. डोक्याला दुपट्टा गुंडाळला तरी कानशिलं भाजत होती. काकूंना म्हटलं, ‘‘मी बाहेर उभी राहते, तुम्ही आत पेटीवरचा काटा बघा अन् ओरडून सांगा.’’

‘‘कोनता काटा?’’

तो काटा काय दाखवतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही अंदाजानं चाललो होतो. काटा डाव्या कोपऱ्यात झोपलेला होता, तसूभर वर. मी काचेवर हात धरला. ‘‘झोपला पुरा!’’ आतून आवाज. हात काढला. ‘‘उलसाक उठला.’’ पुन्हा धरला, पुन्हा काढला. म्हणजे उन्हाचा आणि काट्याचा संबंध होता. काटा म्हणजे सूर्य किती येतोय त्याची खूण. आणि एप्रिलच्या बारा वाजता, नागपुरात, सूर्य फक्त उलसाक, एवढुसाच येत होता!

हार वाळून काचेवरच लोंबत होता. तो सोडला. ‘‘चढला वं! थोडासाक.’’ हाराच्या सावलीनं एवढा फरक? मग मी खेळच मांडला. एका कडेच्या एकाच चकतीवर तळहात धरला. बाकीच्या सगळ्या उन्हात लख्ख. माझा हिशेब असा की इतक्या चकत्यांतली एक झाकली तर काटा केसभर खाली यावा.

‘‘मेला!’’ काकू ओरडल्या. ‘‘काय केलं वं तू?’’

काहीच केलं नव्हतं. एक चकती झाकली होती. दुसरी झाकली, तेच. खालची झाकली, तेच. मी दहा वेळा करून पाहिलं, उन्हाचं भान राहिलं नाही. अशी गंमत मला शाळेत कुणी दाखवली असती तर मी शास्त्र सोडून पत्रकं लिहीत बसले नसते कदाचित. दुष्काळी कामावर बायका रांगेत उभ्या राहून घमेली पुढं देतात, तसं काहीतरी असणार त्या काचेखाली. एकीनं हात आखडला की मागच्या सगळ्यांची घमेली तिथंच अडतात, पुढचीच्या हाती काही येत नाही.

आणि मग मला ते दिसलं. इतका वेळ डोळ्यांसमोरच होतं. काचेच्या मधोमध परातीएवढं स्वस्तिक. चार-पाच चकत्या त्याच्याखाली गडप. नख लावलं तर नख घसरलं. वर कडक साय धरली होती.

‘‘काकू, त्या दिवशी तेल कोणतं दिलं होतं?’’

‘‘जवसाचं. दुसरं कोनतं राह्यते घरात?’’

जवसाचं! आमच्या महालातल्या दारांना रंग देताना रंगारी रंगात जवसाचंच तेल ओततो. उन्हात वाळलं की पोपडा पडेपर्यंत निघत नाही. आमच्याकडं घरोघरी तेच तेल, फोडणीलाही आणि चटणीवरही. दुसऱ्या मुलखात हा घोटाळा झाला नसता, तिथं काहीतरी दुसरं झालं असतं. साहेबांनी स्वतःच्या चार बोटांनी सूर्याच्या तोंडाला तेलाचा रंग फासला होता.

मी हसत सुटले. मग म्हटलं, ‘‘रॉकेल द्या काकू, अन् एक चिंधी. दोन मिनिटांत पुसते.’’

काकू दारातनं बाहेर आल्या आणि माझ्या न् काचेच्या मध्ये उभ्या राहिल्या.

‘‘नाई.’’

‘‘काकू, हेच तर कारण आहे. हे पुसलं की...’’

‘‘कुंकू हाय ते. माह्या अंगनात लागलं. मानूस माहा रस्त्यावर हाय, आठ दिस झाले. तो गाडीवर असतानी मी घरातलं कुंकू पुसू? अन् तेही रॉकेलानं? तुले कळते का काही?’’

इथं मी माझं भाषण दिलं असतं. अंधश्रद्धेवर माझ्याकडं एक पूर्ण पत्रक तयार होतं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. तोंडही उघडलं होतं. पण त्या उभ्या होत्या तशा, आणि डोळे चिमणीनं लाल झालेले. तो दिवा त्यांना माझ्यापेक्षा किती जास्त हवा होता ते मला माहीत होतं. तरीही त्या नाही म्हणत होत्या. म्हटलं, ‘‘परवा शुक्रवार आहे. उचलून नेतील.’’

‘‘मालूम हाय मले,’’ त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन बसल्या. कात्रीनं पानं कापायला लागल्या. मी घोडीच्या सावलीत बसून होते.

मग त्यांनी कात्री ठेवली. ‘‘पुसाचं नाई. पन लावाले तं हरकत नाई न?’’

‘‘कुणाला?’’

‘‘साऱ्याईले.’’

गुरुवारी दुपारी त्या गल्लीत हळदी-कुंकू झालं. चैत्रातलं हळदी-कुंकू कुणी चुकवत नाही, कारण डाळ आणि पन्हं मिळतं. काकूंनी कैरीचं पन्हं केलं होतं. आदल्या संध्याकाळपासून काचेवरच्या स्वस्तिकावर खोबरेल तेलात भिजवलेलं फडकं घालून ठेवलं होतं, त्यानं वरची साय मऊ पडली. एकेक बाई यायची, काकू काचेवरून बोटानं कुंकू उचलायच्या, तिच्या कपाळाला लावायच्या. पुसणं झालंच नाही, वाटणं झालं.

‘‘सूर्याचं कुंकू होय गा हे,’’ एकीनं शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं.

‘‘मंग मले काहून नाई देत?’’ म्हातारा.

‘‘तू पन्हं घे न, मुकाट्यानं!’’

वस्तीतल्या बायका संपल्या तरी स्वस्तिकाचा एक पाय शिल्लक होता. मग माझ्या कपाळाला लागलं, जाडजूड, नाकापर्यंत ओघळलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठलंही भाषण न करता कपाळ पुढं केलं. खाली राहिलेली खरपुडी काकूंनी अलगद खरवडून तुळशीच्या मुळाशी घातली, ओल्या फडक्यानं काच धुतली, आणि स्वतः आत जाऊन पेटीपुढं बसल्या.

मीही मागोमाग आत गेले. काटा पार उजव्या कोपऱ्यात टेकला होता आणि काकू त्याच्याकडं बघत होत्या, पाहुणा आल्यावर बघतात तशा.

त्या संध्याकाळी दिवा लागला. फार वेळ नाही, अर्ध्या दिवसाचं ऊन किती पुरणार? पण तो उजेड रामदासपेठेतून आलेला नव्हता.

शुक्रवारी दुपारी जीप आली. मागं रिकामी पोती, पान्हे, उचलून न्यायची सगळी तयारी. साहेबांनी खटका दाबला, दिवा लागला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांना काटा दाखवला, हाराची गोष्ट सांगितली, तेलाची सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस मूर्ख नव्हता. एक चकती स्वतः झाकून काटा पडताना पाहिला आणि ‘‘अच्छा!’’ म्हणाले. क्षणभर मला ते आवडले. मग त्यांनी बॅगेतनं कागद काढला, उभ्या उभ्या लिहिला, वाचून दाखवला: लाभार्थीच्या निष्काळजीपणामुळे काच अस्वच्छ राहिल्याने बंद, समज देऊन पुन्हा चालू केला. शाईची डबी उघडली.

‘‘काकू, अंगठा.’’

काकू दारात सूप घेऊन बसल्या होत्या. पानात तंबाखू भरत म्हणाल्या, ‘‘माहा अंगठा आता कामात हाय जी.’’

‘‘अहो, एक मिनिट लागेल.’’

‘‘मांगच्या येळेस बी एकच मिनिट लागलं होतं. साहेब, कुंकू कोनं लावलं होतं?’’

साहेबांनी शाईची डबी पुढं केली.

‘‘काच साफ ठेवाची, हे मले कोनं सांगतलं होतं? काटा कायचा, हे सांगतलं होतं? दिवा लागते का नाई ते तुमाले भर दुपारी पाहाचं होतं. मले तं तो अंधारात पाहिजे. बसा न. पन्हं घ्या. दिवेलागनीले मी खटका दाबते, मंग पाहू अंगठ्याचं.’’

‘‘मला वेळ नाही. आज अजून दोन गावं आहेत.’’

खरंच होतं. जीपमध्ये तशाच आणखी दोन काचा उभ्या होत्या, आणि सीटवर नारळ, झेंडूचे हार, कुंकवाची पुडी. ती पुडी गल्लीतल्या सगळ्यांनीच पाहिली. कालच्या हळदी-कुंकवातली एक ठसठशीत बाई पुढं झाली.

‘‘साहेब, तेल पाहिजे का जी? जवसाचं हाय!’’

हसण्याचा असा स्फोट झाला की ड्रायव्हरही स्टिअरिंगवर वाकला. साहेब कागद बॅगेत घालून निघून गेले. दिवा राहिला. काकूंचा अंगठा त्या दुसऱ्या कागदावर कधीच उठला नाही, पण पहिल्यावर आहेच, आणि त्यावर अजूनही लिहिलेलं आहे की सगळं तपासून दिलं.

दोन उन्हाळे झाले. काकू अजून संध्याकाळी सूप घेऊन त्या उजेडात बसतात, शेजारणी बसतात. डोळे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण पानाची शीर दिसते. रोज सकाळी काच ओल्या फडक्यानं पुसतात, आणि तुळशीला कुंकू लावलं की घोडीच्या लोखंडी पायालाही एक बोट लावतात. काचेला नाही. खांब मात्र आजही पानठेल्यापाशीच आहे, आणि ते पत्रक मी मागं घेतलेलं नाही. ‘खेळणी नकोत’ एवढे शब्द फक्त खोडले.

त्या जीपमधल्या बाकी दोन काचांचं काय झालं, मला माहीत नाही. कुणाच्या तरी अंगणात त्या उभ्या असतील. तुमच्याही अंगणात उद्या एखादी येईल. तेव्हा ऐका. नारळ फोडा, हार घाला, पण घोडीच्या पायाला. दार लावून दिवा दाखवतील, तेव्हा टाळ्या वाजवू नका. काटा कुठं आहे ते विचारा आणि तो उन्हानं हलतो का ते स्वतःच्या हातानं झाकून बघा. बॅटरी कुठं भरली ते विचारा. आणि शाईची डबी उघडली की अंगठा मुठीत घ्या. देणाऱ्याला सांगा, बसा, दिवेलागणीपर्यंत बसा, आणि आठ दिवसांनी याच वेळेला पुन्हा या. तोवर अंगठा देऊ नका.